चांगल्याला वाईट, वाईटाला चांगले

मी संख्याशास्त्राचा विद्यार्थी नाही. बी.ए. झालो तो मराठी घेऊन, आणि चार लोक ओळखतात ते कवितेमुळे. तरी आज बोलणार आहे ते संख्याशास्त्रातल्या दोन चुकांबद्दल. या चुकांची ओळख मला पुस्तकातून झाली नाही. ती आमच्या घरात, चार मागांच्या खडखडाटात झाली. त्यांची नावे मात्र फार उशिरा कळली.

आमचे गाव इचलकरंजी. अब्बा खर्चीवाले यंत्रमागधारक. बाहेरगावच्या मंडळींसाठी सांगतो, खर्चीवाला म्हणजे माग स्वतःचे, पण सूत व्यापाऱ्याचे. व्यापारी सूत देणार, आम्ही कापड विणून देणार आणि पिकाच्या हिशेबाने मजुरी घेणार. कापड पेढीवर गेले की तपासले जाई. चांगले निघाले तर ‘फ्रेश’, खोट निघाली तर ‘सेकंड’. सेकंड म्हटले की मजुरीत कपात.

१९८३ सालची गोष्ट. मी तेरा वर्षांचा. हातगाडीवर वीस तागे घालून अब्बांबरोबर पेढीवर गेलो होतो. तिथल्या तपासनिसाने वीसपैकी दोन तागे उलगडले. दुसऱ्या ताग्यात चार-पाच मीटरवर तेलाचा डाग निघाला. त्याने पेन्सिल उचलली आणि सगळा माल सेकंडमध्ये लिहिला. अब्बा म्हणाले, “राहिलेले अठरा बी बघा की साहेब.” तो म्हणाला, “सगळं बघत बसलो तर धंदा कधी करू, चाचा?”

तपासनीस दुष्ट नव्हता. त्याचे म्हणणेही खोटे नव्हते. पण त्या दिवसापासून अब्बांनी दोन गोष्टी सुरू केल्या. एक, प्रत्येक तागा घरात सतरंजीवर उलगडून पाहायचा. त्यासाठी आठवड्यातला एक दिवस माग बंद. दुसरी, कुठे एक तार तुटली की माग थांबवून पाना घ्यायचा आणि काहीतरी आवळायचे, नाहीतर सैल करायचे. पहिल्या गोष्टीने मजुरी बुडाली. दुसरीने कापड सुधारायच्या ऐवजी बिघडले. असे का झाले, हे आम्हा कुणाला कळेना.

याचे उत्तर तिथून हजारो मैलांवर आणि त्याच्या साठ वर्षे आधी लिहून झाले होते.

अमेरिकेत शिकागोजवळ हॉथॉर्न येथे वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा टेलिफोनची सामग्री बनवणारा अवाढव्य कारखाना होता. तिथल्या तपासणी विभागात वॉल्टर शूहार्ट नावाचा पदार्थविज्ञानाचा पदवीधर काम करी. १६ मे १९२४ रोजी त्याने आपल्या वरिष्ठांना, जॉर्ज एडवर्ड्स यांना, एक छोटे टिपण दिले. जेमतेम एक पान. त्यात एक आकृती होती. मधे सरासरीची रेघ, वर एक मर्यादा, खाली एक मर्यादा आणि मोजमापाचे ठिपके. आज जगभरच्या कारखान्यांत ज्याला नियंत्रण आलेख म्हणतात, त्याचा हा जन्म.

शूहार्टचे म्हणणे साधे होते. कुठल्याही कामात रोज थोडा चढउतार असतोच. हवा, सुताचा पीळ, माणसाचा हात अशा शंभर बारीक कारणांनी तो होतो. त्यातले एक कारण बोट दाखवून सांगता येत नाही. पण कधी खरोखरच काही बिघडते. भाग झिजतो, तेलाची बुधली कलंडते. हे कारण शोधून काढता येते आणि ते काढलेच पाहिजे. माणूस इथे दोन तऱ्हांनी फसतो. नुसता चढउतार असताना बिघाड झाला असे समजून यंत्राला हात लावतो, किंवा बिघाड झालेला असताना ‘चालायचंच’ म्हणून सोडून देतो. अब्बा पहिल्या तऱ्हेने फसत होते. तुटलेली प्रत्येक तार त्यांना गुन्हेगार वाटत होती. चांगल्या चाललेल्या मागाला ते रोज नव्याने बिघडवत होते.

मग मर्यादा कुठे आखायची? शूहार्टने ती सरासरीपासून दोन्ही बाजूंना प्रमाण विचलनाच्या तिप्पट अंतरावर आखली. चढउतार नेहमीच्या घंटाकृती वक्राप्रमाणे असेल, तर सगळे ठीक असतानाही दहा हजारांत सुमारे २७ ठिपके या मर्यादेबाहेर पडतात. म्हणजे खोटी हाकाटी कधीतरी होणारच. पण ती इतकी क्वचित व्हावी की कारण शोधायला धावण्याचा खर्च परवडावा. १९३१ साली त्याचे पुस्तक आले, तेव्हा त्याच्या नावातच गुणवत्तेच्या ‘आर्थिक’ नियंत्रणाचा उल्लेख होता. हा शब्द महत्त्वाचा आहे. चूक शून्यावर आणता येत नाही. कुठली चूक किती महाग पडते, ते पाहून मर्यादा आखायची असते.

ही झाली यंत्राची गोष्ट. आमच्या पेढीवरचा प्रश्न वेगळा होता. माल तयार आहे, थोडा नमुना पाहून सगळ्याचा निवाडा करायचा आहे. त्याच टेलिफोन परिवारातल्या बेल प्रयोगशाळेत हॅरॉल्ड डॉज आणि हॅरी रोमिग हे दोघे याच प्रश्नावर काम करत होते. १९२९ साली त्यांनी नमुना तपासणीवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या कामातून दोन शब्द रूढ झाले. चांगला माल नमुन्याच्या लहरीने नाकारला जाणे ही उत्पादकाची जोखीम. वाईट माल नमुन्याच्या लहरीने पास होणे ही ग्राहकाची जोखीम. मला हे दोन शब्द फार आवडतात. चूक झाली एवढेच ते सांगत नाहीत. ती कुणाच्या अंगावर पडली, तेही सांगतात. १९८३ साली पेढीवर पडली ती आमच्या अंगावर.

आता थोडे पलीकडे, इंग्लंड-आयर्लंडला जाऊ. डब्लिनच्या गिनेस मद्यकारखान्यात १८९९ साली विल्यम गॉसेट हा ऑक्सफर्डचा तरुण नोकरीला लागला. मी त्या वाटेला न जाणारा माणूस. पण या कारखान्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. जव, हॉप्स, पीक, आंबवणे या सगळ्यांत गॉसेटच्या हाती चार-पाच मोजमापेच असत. एवढ्याशा नमुन्यावरून किती खात्रीने बोलावे, याचे गणित त्याने १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने छापले, कारण कंपनीला आपल्या माणसांनी उघड नावाने लिहिणे नको होते. टोपणनावाने लिहिणाऱ्यांशी आम्हा कवींचे जुने नाते, म्हणून हा माणूस मला जवळचा वाटतो.

१९२६ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या एगॉन पिअर्सन या तरुणाने गॉसेटला एक शंका विचारली. एखादे गृहीतक नाकारायचे ते नेमके कशाच्या जोरावर? गॉसेटने पत्राने उत्तर दिले. त्याचा आशय असा, की निरीक्षण दुर्मीळ आहे एवढ्यावरून गृहीतक नाकारू नये. ते निरीक्षण अधिक चांगले समजावून देणारे दुसरे गृहीतक समोर असेल, तर नाकारावे. हा धागा धरून पिअर्सन आणि त्याचा पोलिश मित्र येर्झी नेमन यांनी पुढची काही वर्षे काम केले. एक लंडनला, एक वॉर्सात; बरेचसे काम पत्रांतूनच. १९२८ आणि १९३३ साली त्यांचे गाजलेले निबंध आले. गृहीतक खरे असताना ते नाकारणे ही पहिल्या प्रकारची चूक; ते खोटे असताना न नाकारणे ही दुसऱ्या प्रकारची. १९३३ च्या निबंधात त्यांनी न्यायालयाचा दाखला घेतला आहे. निरपराध्याला शिक्षा होणे अधिक वाईट की अपराधी सुटणे? त्यांचे उत्तर असे, की ते परिणामांवर अवलंबून आहे. दोन चुकांमधला तोल कसा ठेवायचा, ते गणित सांगणार नाही. ते कामावरच्या माणसाने ठरवायचे. गणित एवढेच सांगेल, की पहिली चूक ठरावीक हद्दीत ठेवून दुसरी कमीत कमी कशी करायची.

दोन्ही प्रवाह लवकरच एकत्र आले. पिअर्सन १९३१ साली अमेरिकेत शूहार्टला भेटला, १९३२ साली शूहार्ट लंडनला व्याख्याने द्यायला गेला आणि १९३५ साली पिअर्सनच्या हातचे औद्योगिक गुणनियंत्रणाचे ब्रिटिश मानक, क्रमांक ६००, प्रसिद्ध झाले.

मला हे सगळे कधी कळले? १९९३ साली. आणि ते कळायला एक चूक करावी लागली. या वेळची चूक माझी होती.

बी.ए. नंतर मी एका सूतगिरणीत तपासणी विभागात लागलो. काम असे. सुताच्या कोनांचा मोठा लॉट आला की त्यातून कसेही, न निवडता, ५० कोन काढायचे. खराब कोन दोनपर्यंत निघाले तर लॉट पास, तीन किंवा जास्त निघाले तर परत. एका संध्याकाळी माझ्या हाती तीन निघाले. लॉट परत गेला की त्या पाळीच्या कामगारांची बोलणी ठरलेली. मला पेढीवरची ती पेन्सिल आठवली. तिसरा कोन मी बाजूला ठेवला आणि वहीत ‘दोन’ लिहिले. मला वाटले, मी एका अन्यायाची फेड केली.

पंधरा-वीस दिवसांनी गिरणीच्या फाटकावर एक खर्चीवाला उभा राहिला. हातात आमच्याच सुताचा कोन. अब्बांच्या ओळखीचा माणूस. त्याच्या मागावर तार मिनिटामिनिटाला तुटत होती आणि मजुरी बुडत होती. मला पाहून तो एवढेच म्हणाला, “तू हाईस व्हय हितं?” मला मान वर करता आली नाही.

मी साहेबांना खरे ते सांगितले. ते मुंबईला सांख्यिकी गुणनियंत्रणाचा अभ्यासक्रम करून आलेले होते. ओरडतील असे वाटले होते. त्यांनी कागद पुढे ओढला आणि म्हणाले, “बसा कवी, हिशेब करू.”

तो हिशेब मी अजून जपून ठेवला आहे. समजा मोठ्या लॉटमध्ये शंभरात दोनच कोन खराब आहेत. म्हणजे लॉट चांगला. आमच्या नियमाने असे शंभर लॉट तपासले, तर त्यातले सुमारे ८ उगीचच परत जातात. आता समजा शंभरात दहा खराब आहेत. म्हणजे लॉट वाईट. असे शंभर लॉट आले, तर सुमारे ११ पास होऊन निघून जातात. दोन्ही चुका नियमाच्या पोटात आधीच बसलेल्या.

मी म्हणालो, “मग नियम कडक करा. एकही खराब कोन चालणार नाही असा.” त्यांनी तेही करून दाखवले. तसे केले तर वाईट लॉट पास होण्याचे प्रमाण शंभरात एकाच्याही खाली येते, पण चांगल्या लॉटांपैकी शंभरातले ६४ परत जातात! एक चूक दाबली की दुसरी फुगते. मग दोन्ही कमी करायचा उपाय? एकच. जास्त पाहायचे. ५० ऐवजी १०० कोन काढा आणि पाचपर्यंत खराब चालतील असे ठरवा. मग चांगले लॉट शंभरात दीड-दोनच परत जातात आणि वाईट सुमारे सहाच निसटतात. पण तपासणीला वेळ दुप्पट, खर्च दुप्पट. पेढीवरच्या माणसाचे ‘धंदा कधी करू’ हे शब्द मला तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकू आले. दोन तागे पाहून त्याने वेळ वाचवला होता आणि त्या वेळेची किंमत आम्ही भरली होती.

आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवली, जी भलेभले चुकतात. चांगल्या शंभर लॉटांतले ८ परत जातात, याचा अर्थ परत गेलेल्या शंभरांत ८ चांगले असतात, असा नाही. समजा हजार लॉट आले, त्यात ९५० चांगले आणि ५० वाईट. चांगल्यांतले सुमारे ७५ परत जातील. वाईटांतले सुमारे ४४ परत जातील. म्हणजे परत गेलेल्या सुमारे १२० लॉटांपैकी ७५ निर्दोष! जिथे बहुतेक माल चांगला असतो, तिथे नाकारलेल्या ढिगातही चांगलाच माल जास्त असू शकतो. म्हणून नाकारलेल्या मालाला ‘वाईट’ म्हणायची घाई करू नये, पुन्हा पाहावे. आणि पास झाला म्हणजे चांगला सिद्ध झाला असेही नाही. वाईट असल्याचा पुरेसा पुरावा मिळाला नाही, एवढेच.

“मग माझं चुकलं कुठं?” मी विचारले. “तीन निघूनही लॉट चांगला असू शकतो ना?” ते म्हणाले, “असू शकतो. पण दोन्ही जोखमी आपण माल यायच्या आधी, कुणाचं तोंड न बघता ठरवल्या होत्या. तुम्ही तोंड बघून एक कोन बाजूला ठेवलात. आता तो आठ-अकराचा हिशेब खोटा झाला. किती चुकतोय तेसुद्धा आपल्याला कळणार नाही.”

या शास्त्राचा आपल्या देशाशीही जवळचा संबंध आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली. त्यांच्या निमंत्रणावरून १९४७-४८ च्या हिवाळ्यात खुद्द शूहार्ट भारतात येऊन गेला. १९५३ साली या संस्थेचे गुणनियंत्रण केंद्र मुंबईत सुरू झाले. आमच्या साहेबांच्या कागदावरचा हिशेब अशा वाटेने इचलकरंजीपर्यंत आला होता. अब्राहम वाल्ड हाही असाच एक पाहुणा. नमुना किती घ्यायचा हे आधी न ठरवता एकेक नग पाहत जायचे आणि पुरावा पुरेसा होताच थांबायचे, ही पद्धत त्याने दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली विकसित केली. दोन्ही चुकांच्या मर्यादा त्यात सुरुवातीलाच ठरवलेल्या असतात, आणि पाहावे लागणारे नग सरासरीने बरेच कमी होतात. डिसेंबर १९५० मध्ये भारतात व्याख्यानांच्या दौऱ्यावर असताना निलगिरीत विमान कोसळून तो आणि त्याची पत्नी दोघेही गेले. वय अवघे ४८.

आणि नेमन-पिअर्सन यांच्या लंडनच्या वर्गात आपला एक मराठी माणूस बसलेला होता. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे. १९३३ ते १९३६ ते लंडनला होते आणि १९३६ साली त्यांनी तिथे पीएच.डी. मिळवली. पुढे ते जागतिक अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख झाले. कोन आणि ताग्यांसाठी घडलेला विचार त्यांनी भुकेला लावला. माणसाला सरासरी अमुक उष्मांक लागतात. त्याहून कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी धरायचा का? सुखात्मे म्हणाले, नाही. गरज माणसागणिक बदलते, एकाच माणसाची दिवसागणिक बदलते. सरासरीवर रेघ मारली, तर धडधाकट माणसेही मोठ्या संख्येने उपाशी ठरतील. रेघ खाली घ्या. यावर अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर उभे राहिले. तेही मूळचे साताऱ्याचे. १९७१ साली नीळकंठ रथ यांच्यासह त्यांनी लिहिलेल्या भारतातील दारिद्र्यावरच्या पुस्तकात उष्मांकांचाच आधार होता. रेघ खाली घेतली, तर खरोखर उपाशी असलेले लाखो लोक ‘पास’ होऊन नजरेआड जातील, अशी ही दुसरी बाजू. १९८० च्या दशकात हा वाद गाजला. दोघेही विद्वान, दोघेही गरिबाचे हितचिंतक. एकाला पहिल्या चुकीची काळजी, दुसऱ्याला दुसऱ्या चुकीची.

रोनाल्ड फिशर या मोठ्या संख्याशास्त्रज्ञाने १९५५ साली अशी टीका केली होती, की माल घ्यायचा की परत करायचा ही रीत कारखान्याला ठीक, पण विज्ञानातले सत्य असे एका तपासणीत पास-नापास होत नसते. मला त्यात तथ्य वाटते. पण रोजच्या जगण्यात आपण सगळेच त्या तपासनिसाच्या टेबलावर बसलेले असतो. वेळ थोडा, नमुना लहान, आणि निवाडा आत्ताच हवा. एका डागावरून वीस तागे, एका माणसावरून एक मोहल्ला, आपण झटकन सेकंडमध्ये लिहून टाकतो. किंवा कुणाची कीव येऊन तिसरा कोन बाजूला ठेवतो.

अब्बा जाऊन आता बरीच वर्षे झाली. गिरणीतल्या त्या प्रसंगानंतर मी त्यांना सगळा हिशेब समजावून सांगितला होता. आठ, अकरा, चौसष्ट, सगळे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग विचारले, “म्हणजे त्या माणसानं आणखी पाच तागे बघितले असते, तर?”

“तर बहुतेक आपला माल फ्रेशमध्ये गेला असता.”

“पाच ताग्याला किती वेळ लागतोय रे?”

“पंधरा मिनिटं, अब्बा.”

ते काही बोलले नाहीत. उठून मागाकडे गेले. तार तुटली होती, ती जोडली. पान्याला हात लावला नाही.